लॅरीची उचकी

क्लाइव्ह येणार होता त्या सकाळी चेलोनं मोत्यांची कानातली घातली, आणि ती बघूनच लेंचोनं नजर चुकवली. ती कानातली एरवी लग्नाला नाहीतर मयताला बाहेर निघायची. ओठांना लालीसुद्धा लावली होती बाईनं. गॅसवर चॉकलेट उकळत होतं, त्यात मक्याचं पीठ घालून ती ढवळत होती, आणि टेबलावर कोपऱ्यावरच्या बेकरीतले गोड पाव चांगल्या बशीत मांडून ठेवले होते.

"काल काय ठरलंय, आठवतंय ना?" तिनं विचारलं. गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा आवाज तव्यावर उलथनं खरवडावं तसा यायचा, आणि तोही दोन-चार शब्दांत दमायचा.

"आठवतंय गं बाई."

"सांगशील ना?"

"सांगतो म्हटलं ना! आता शपथ घेऊ का?"

"तुझ्या शपथा ऐकत तुझी बायको स्वर्गात गेली, लेंचो. मला नकोत. नुसतं सांग."

आता सांगायचं होतं ते इतकंच: लोरेना स्ट्रीटवरच्या चार पोरांनी शाळेत असताना एक रेकॉर्ड केली होती. तो काळच तसा होता. पूर्व लॉस एंजेलिसमधल्या दर कोपऱ्यावर चार पोरं उभी राहून ऊ-ऊ करत असायची, एक जण खर्जात डूम-डूम लावायचा आणि वरच्या पट्टीतला पोरगा काळीज काढून दाखवायचा. ही पोरं शाळेच्या संडासात तालीम करायची, कारण तिथं आवाज घुमतो. नाव घेतलं 'द लोरेनाटोन्स'. वरची पट्टी लेंचोची. गाणं होतं 'दारापाशी थांब'. स्टुडिओ शनिवारी मिळाला, आणि शुक्रवारी हे आमचे महाशय फुटबॉलच्या मॅचला जाऊन इतके बोंबलले, इतके बोंबलले, की शनिवारी तोंड उघडलं तर नुसती हवा! बाकीचे तिघं त्याला बडवायचेच शिल्लक होते.

धाकटी बहीण चेलो तिथं सारण भरून गुंडाळलेल्या पोळ्यांची, बुरितोंची टोपली घेऊन आली होती. 'भावाला खायला दे आणि सरळ घरी ये,' एवढीच तिला परवानगी. पण स्वयंपाकघराच्या खिडकीशी भांडी घासता घासता तिनं त्यांचं गाणं इतक्यांदा ऐकलं होतं की तिला चारही जणांचं पाठ होतं. ती म्हणाली, मी म्हणते. आणि म्हणाली! तिखट हिरवी मिरची घातलेला बुरितो नुकताच घाईघाईनं गिळला होता, त्यामुळे अगदी शेवटच्या वरच्या सुरावर तिला उचकी लागली. पुन्हा घ्या म्हणावं तर स्टुडिओवाला म्हणाला, वेळ संपली, चला निघा. तशीच छापली. वर नाव टाकलं 'लॅरी अँड द लोरेनाटोन्स', कारण स्टुडिओचा मालक म्हणाला की लेंचो नावाच्या पोराची रेकॉर्ड रेडिओवर कोण लावणार?

घरी कुणी ब्र काढला नाही. वडील, दोन तिबुर्सियो ('दोन' हे मानानं लावायचं, राव म्हणावं तसं), मेक्सिकोतल्या जेरेसच्या बाजूचे, कडक माणूस. पोरांच्यात उभी राहून गाणाऱ्या मुलीला त्यांनी परत उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. त्यामुळे ते मरेपर्यंत येईल-जाईल त्याला ती रेकॉर्ड ऐकवत राहिले, 'ऐका, माझा मुलगा!' म्हणून. चेलो कॉफीचे कप घेऊन तिथंच उभी असायची. खोटं बोलायचं हे चौघा पोरांचं आणि तिचं मिळून ठरलं होतं, त्यात कुणाची चूक नव्हती. वडील गेल्यावरही कुणी विषय काढला नाही. लेंचो लग्नाकार्यात ते गाणं खालच्या पट्टीत म्हणायचा, लोक म्हणायचे वय झालं, आणि चेलो पदार्थ वाढता वाढता गालात हसायची. तेव्हा ती दोघांमधली गंमत होती.

मग ऑपरेशन झालं. बाकीचे तिघं जण केव्हाच देवाघरी गेले होते. आणि ही रेकॉर्ड पुन्हा काढायची म्हणून इंग्लंडहून या क्लाइव्हचा फोन आला, तेव्हा चेलो जन्मात पहिल्यांदा काही मागितल्यासारखी म्हणाली, "माझा आवाज आता तेवढाच उरलाय रे. त्या तबकडीत. त्याच्याखाली माझं नाव येऊ दे."

लेंचो 'हो' म्हणाला होता. मनापासून म्हणाला होता, हेही खरं.

क्लाइव्ह आला. उंच, किडकिडीत, टक्कल पडलेला माणूस. मूळची रेकॉर्ड त्यानं मऊ फडक्यात गुंडाळून छातीशी धरून आणली होती. तिकडे कुठल्याशा भंगारवाल्याकडे सापडली होती त्याला. दारातच त्यानं लेंचोचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडेचना. त्याचे डोळे भरून आले.

"सर," तो म्हणाला, "माझी आई गेली तेव्हा मी महिनाभर दुसरं काही ऐकलं नाही. फक्त तुम्ही. या आवाजानं मला जगवलं. मला वाटलं होतं तुम्ही हयात नसाल."

आता अशा माणसाला काय सांगणार, की चुकीचा हात धरलायस बाबा? पण सांगायला हवं होतं! जन्मभर गाद्यांच्या कारखान्यात स्प्रिंगा बसवलेल्या माणसाला कुणी सर म्हटलेलं नव्हतं, रडून तर मुळीच नाही. लेंचो हरभऱ्याच्या झाडावर चढला. बसा, बसा, म्हणाला. टेपरेकॉर्डर सुरू झाला. संडासातल्या तालमी सांगितल्या, मॅच तेवढी गाळली.

"आणि तो शेवटचा हुंदका," क्लाइव्ह पुढे झुकून हळू आवाजात म्हणाला. "वरच्या सुरावर. आमच्याकडे रेकॉर्डी जमवणारे लोक त्या एका हुंदक्यावर वाद घालतात. कोण होती ती?"

लेंचोनं छताकडे पाहिलं. जीभ कशी वळली कुणास ठाऊक. "होती एक," तो म्हणाला. "फ्रेस्नोला निघून गेली. आदल्याच दिवशी."

चेलो ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं पुढे होऊन ट्रे टेबलावर ठेवला, कप सरळ केले. क्लाइव्ह धडपडत उठला. "मिसेस...?"

"बहीण माझी," लेंचो म्हणाला. अजूनही वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "आम्हाला स्टुडिओत बुरितो आणून द्यायची."

"वा! वा!" असं म्हणत क्लाइव्हनं तेही लिहून घेतलं.

"गोड कमी वाटलं तर सांगा," चेलो तिच्या त्या खरखरत्या आवाजात म्हणाली आणि आत गेली.

पाहुणा गेल्यावर लेंचो स्वयंपाकघरात आला. कानातली काढून तिनं बशीत ठेवली होती आणि ती भांडं घासत होती. "फ्रेस्नो," ती भांड्यालाच म्हणाली. "फ्रेस्नोला आपलं कोण आहे रे?"

"मी उद्या फोन करतो त्याला. देवाशप्पथ. तो रडायलाच लागला गं, मी काय करणार? उद्या करतो."

तिनं नळ मोठा सोडला.

त्यानं उद्या फोन केला नाही. परवाही नाही. उलट छापायच्या आधी क्लाइव्हचाच फोन आला. त्यानं सगळा मजकूर वाचून दाखवला, काही चुकलंय का म्हणून विचारलं. चेलो शेजारच्या खोलीत झोपली होती, दार उघडं होतं. लेंचोनं फोनचं तोंड हातानं झाकलं. आता सांगितलं तर फ्रेस्नोचंही खोटं निघतं, आणि तो माणूस काय म्हणेल? "छान लिहिलंय," तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याची स्वतःकडे आरशात बघायची हिंमत झाली नाही. त्या दिवशी दाढी राहिली.

रेकॉर्डी आल्या. जाड कागदाचं देखणं वेष्टन, आत छोटं पुस्तक. पहिल्या पानावर लेंचोचा जुना फोटो, केसांना तेल चापून फुगा काढलेला. शेजारची एल्व्हिरा धावत आली, तिनं त्याच्या गालाचा मुका घेतला, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "आमचा हिरो! दोन लेंचो, फ्रेस्नोवालीचं नाव काय हो? मला तरी सांगा! माझी मावसबहीण फ्रेस्नोलाच असते!"

"अगं, तू पण ना!" असं काहीतरी तो पुटपुटला.

चेलोनं चष्मा लावून पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तिचं नाव होतं त्यात. एका ओळीत होतं: लॅरीची धाकटी बहीण कॉन्सुएलो मुलांना बुरितो आणून देत असे. ती ओळ तिनं बोटानं दाखवली.

"एवढं खरं आहे," ती म्हणाली.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आरडाओरडा केला असता, ताट फेकून मारलं असतं, तर याला काही उत्तर तरी देता आलं असतं. पण ती त्याला वेळेवर जेवायला वाढत होती, त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या काढून ठेवत होती. चर्चमध्ये लोक हात मिळवायला यायचे तेव्हा ती दोन पावलं मागे उभी राहायची, त्याची टोपी धरून. आपली टोपी धरलेली ती बाई बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग योलीचं बोलावणं आलं. रविवारी दुपारी रेडिओवर जुनी गाणी लावणारी योली आपल्याकडे कोणाला माहीत नाही? तिच्या कार्यक्रमात गाणं म्हणजे नुसतं गाणं नसतंच. कुणीतरी कुणालातरी अर्पण केलेलं असतं. बायका तुरुंगातल्या नवऱ्याला पाठवतात, नातवंडं आजीला पाठवतात, भांडून वेगळे झालेले एकमेकांना पाठवतात आणि वर म्हणतात, हे तुझ्यासाठीच लिहिलंय, राणी, ही माझी नाही, तुझीच गोष्ट आहे. मोठमोठे शब्द वापरतात, कुणी तपासायला जात नाही. चेलोसुद्धा दर वर्षी वडिलांच्या पुण्यतिथीला फोन करायची: 'दारापाशी थांब', दोन तिबुर्सियोसाठी, चेलोकडून. लेंचो इतकी वर्षं समजत होता की बहीण त्याचं कौतुक करतेय. ती बापाला स्वतःचा आवाज ऐकवत होती, हा उजेड त्याच्या डोक्यात पडला तो त्या रविवारी, बसमध्ये, स्टुडिओकडे जाताना. त्यानं टोपी काढून मांडीवर घेतली. आज सांगायचं. काहीही झालं तरी आज सांगायचंच.

"चेलो," निघताना तो म्हणाला होता, "रेडिओ लावून ठेव."

"ठेवते," ती म्हणाली होती. आणि त्यानं मागे वळून पाहिलं तेव्हा ती बशीतली कानातली उचलत होती.

योली गोल चेहऱ्याची, खळखळून हसणारी बाई. इंग्लंडहून क्लाइव्ह फोनवर होता. थोडं इकडचं-तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, "तर दोन लेंचो, हा आवाज! सांगा आम्हाला या आवाजाबद्दल."

"तो माझा नाही," लेंचो म्हणाला.

"कसं म्हणता?"

"मी गायलो नाही ते गाणं. माझा घसा बसला होता. माझी बहीण चेलो गायली. हुंदका-बिंदका काही नाही, उचकी लागली होती तिला. मी खोटं बोललो. क्लाइव्हशी खोटं बोललो, सगळ्यांशी बोललो. ते चेलोनं गायलंय."

घाम त्याच्या पाठीवरून ओघळत होता, पण छाती एकदम हलकी झाली. झालं! सुटलो! त्यानं योलीकडे पाहिलं. योलीनं एक हात छातीवर ठेवला होता आणि तिचे डोळे पाणावले होते.

"मंडळी," ती माइकमध्ये हळुवारपणे म्हणाली, "तुम्हाला माहीतच आहे, आपल्या चेलोताईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. आवाज गेलाय बिचारीचा. आणि हा भाऊ बघा! आपला आवाज बहिणीच्या पदरात टाकतोय. गेली कित्येक वर्षं लोक इथं गाणी अर्पण करताहेत, पण आवाज अर्पण करणारा आजच बघितला."

"अहो नाही, अर्पण नाही! खरंच तिनं..."

"कसा भाऊ आहे!" फोनवरून क्लाइव्ह म्हणाला. "सर, तुम्ही फार मोठे आहात. पण मी तो हुंदका हजारदा ऐकलाय. तो मन मोडलेल्या मुलाचाच आहे. आणि मग ती फ्रेस्नोची मुलगी?"

"फ्रेस्नोची कुणी मुलगी नाही! मी बनवून सांगितलं!"

"बघा, बहिणीसाठी तिलाही विसरायला तयार आहे," योली हसली, आणि तिनं डोळे पुसले. टेलिफोनचे दिवे लागायला लागले होते. पिको रिव्हेराहून एक बाई रडत म्हणाली की तिचा भाऊ तिच्याशी बोलत नाही, तिला देवानं असा भाऊ द्यायला हवा होता. आणखी एकानं लेंचोला संत म्हटलं. लेंचो जितका ओरडून सांगे, तितके ते विरघळत. त्याचंच खोटं इतकं चांगलं शिजलं होतं की आता खऱ्याला कुणी तोंड लावायला तयार नव्हतं.

"तिलाच विचारा!" शेवटी तो म्हणाला. "घरी फोन करा, तिलाच विचारा!"

योलीला हे भलतंच आवडलं. नंबर फिरवला. पहिल्याच घंटेला चेलोनं उचलला. फोनपाशीच बसली असणार.

"चेलोताई, ऐकताय ना?" योलीनं विचारलं, आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तशा आवाजात. "लाडके भाऊ काय म्हणताहेत ऐकलंत? तुम्ही गायलात म्हणे ते गाणं!"

स्टुडिओभर फक्त खरखर आली. चेलो श्वास घेत होती. लेंचोनं दोन्ही मुठी आवळल्या. म्हण, चेलो. हो म्हण. पण 'हो' तरी त्या घशातून कसं निघणार, आणि निघालं तरी ऐकणारा काय समजणार, हे त्याला तिथं बसल्या बसल्या कळलं. हो म्हटली तर म्हातारीचा लाड पुरवल्यासारखे सगळे टाळ्या वाजवणार.

"दोन तिबुर्सियो आर्सेओसाठी," चेलो एकेक शब्द ओढून काढत म्हणाली. "चेलोकडून. लावा."

योलीनं लावलं.

पंधरा वर्षांची ती पोरगी सगळ्या शहरावर गायला लागली. लेंचो मान खाली घालून बसला. शेवटच्या सुरावर उचकी आली तेव्हा काचेपलीकडच्या इंजिनिअरनं डोळे मिटून घेतले. मग योलीनं लेंचोला मिठी मारली.

तो घरी आला तेव्हा चेलो टेबलाशी बसली होती. कानातली कानात होती.

"मी सांगितलं, चेलो," तो दारातूनच म्हणाला. "ऐकलंस ना? स्पष्ट सांगितलं. त्यांनाच पटत नाही, त्याला मी काय करू?"

"ऐकलं." ती थांबली, थुंकी गिळली. "पपांना सांगायला भीत होतो आपण. कारण त्यांना पटलं असतं." पुन्हा थांबली. "तू तोवर थांबलास, लेंचो. कुणालाच पटणार नाही तोवर."

त्याला बसायचं होतं, पण तिच्यासमोरच्या खुर्चीत बसवेना. टोपी हातात घेऊन तो उभाच राहिला. म्हातारा थोराड माणूस, रडूही येईना.

तेवढ्यात दार ढकलून एल्व्हिरा आली, डोळे सुजलेले, नाक लाल. तिच्या हातात रेकॉर्ड आणि काळं पेन. "रडवलंत हो मला! सगळी गल्ली रडतेय! दोन लेंचो, यावर सही करा. मावसबहिणीला पाठवायचीय. नुसती नको, लॅरी म्हणून करा!"

तिनं रेकॉर्ड टेबलावर ठेवली, पेन त्याच्या हातात कोंबलं. त्यानं वाकून पेन टेकवलं. फोटोतल्या तेल चापलेल्या पोराखाली जागा मोकळी होती. हात पुढे जाईना. एल्व्हिरा त्याच्या खांद्यावरून बघत होती, आणि चेलो टेबलापलीकडून त्याच्याकडे बघत होती, ओरडत नव्हती, काही मागत नव्हती.

मग चेलोनं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. रेकॉर्ड आपल्याकडे फिरवली आणि शाळेत शिकवलेल्या वळणदार अक्षरात, सावकाश, 'लॅरी' असं लिहिलं. शाई वाळावी म्हणून तिला फुंकर मारायची होती, पण फुंकर घशातच अडकली. म्हणून तिनं रेकॉर्ड हातानं वारा घालून वाळवली.

एल्व्हिरा हसत सुटली. "अगं बाई, चेलो! हे काय केलंस? आता तुमचीही करा ना, दोन लेंचो, तिच्याखाली. खरी!"

"खरी झाली," लेंचो म्हणाला. "घेऊन जा."

"भावाबहिणीचं प्रेम बाई तुमचं!" एल्व्हिरा म्हणाली, आणि रेकॉर्ड पोटाशी धरून निघून गेली.

चेलोनं पेनला टोपण लावलं. तिला पाणी हवं होतं. लेंचो ग्लास भरायला गेला आणि नळ सोडून बराच वेळ तसाच उभा राहिला, तिच्याकडे पाठ करून.